‘ब्रेक फेल’ एवढंच छापून थांबू नका

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच पेपरांत, अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला’, आणि तिथेच विषय संपतो. टायर फुटला तर टायर फुटला असं लिहिता, आग लागली तर शॉर्टसर्किटचा अंदाज तरी देता, पण ब्रेकचं नेमकं काय फेल झालं, तेल गळालं, लायनर संपले की वायर तुटली, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे. ती का आहे हे सांगताना थोडं लांबण लागणार आहे, जागा कमी पडली तर खुशाल कात्री लावा पण सायकलचा भाग तेवढा ठेवा, कारण सायकली मुलं चालवतात आणि त्यांच्या ब्रेककडे घरातलं कोणीच बघत नाही.

मी गॅरेजवाला नाही. घरातल्या सायकली आणि गाडी यांचं जमेल तेवढं काम स्वतः करतो, जे जमत नाही ते मेकॅनिककडे शेजारी उभं राहून करून घेतो, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय की ब्रेकची केबल अचानक तुटत नाही. म्हणजे तुटते एका क्षणात, पण त्याआधी कित्येक दिवस ती सांगत असते, आणि आपण (आपण म्हणजे चालवणारे आणि दुरुस्त करणारे दोघंही) तिचं सांगणं अॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा तुकडा, फिरवून बंद करतो. ब्रेक ढिला वाटला, फिरव अॅडजस्टर, परत ढिला झाला, फिरव अजून दोन आटे, ब्रेक लागतोय ना मग झालं. ढिला का झाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी ही वस्तू आहे काय ते बघू. आत पिळाची स्टीलची तार आणि बाहेर तिचं आऊटर, म्हणजे आपण ज्याला काळं कव्हर म्हणतो ते. अर्नेस्ट मोनिंग्टन बाउडन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली याचं पेटंट घेतलं म्हणून याला बाउडन केबल म्हणतात. लोकांना वाटतं की काम फक्त आतली तार करते आणि बाहेरचं कव्हर नुसतं पावसापाण्यापासून वाचवायला आहे. तसं नाहीये. आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढाच जोर आऊटरवर दाबाच्या रूपात येतो, म्हणून त्या काळ्या प्लास्टिकच्या आत पट्टीसारख्या तारेचं घट्ट स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. आऊटर कुठे दबलं, वाकलं, टोकाला उसवलं, तर तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा तुमचा अर्धा जोर ते कव्हर आखडण्यातच जातो आणि ब्रेकपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तार नवीकोरी असूनही ब्रेक स्पंजासारखा लागू शकतो, आणि अशा वेळी फक्त तार बदलून पैसे घेणारे मी बघितलेत.

आता तुटते कुठे. सायकलची ब्रेक वायर साधारण दीड मिलिमीटर जाड असते, आणि ती एक तार नसून बहुतेक वेळा १९ बारीक तारांचा पीळ असतो. मधेच कुठेतरी तुटलेली केबल क्वचित बघायला मिळते. तुटते ती दोन टोकांना. एक म्हणजे हँडलवरच्या लिव्हरच्या आत, जिथे तारेच्या टोकाला धातूची गोळी असते आणि ती लिव्हरच्या खाचेत बसते. लिव्हर दाबताना ही गोळी खाचेत किंचित फिरायला हवी. ती जागा कोरडी पडली, धूळ बसली, गंजली, की गोळी फिरत नाही, मग जे वळण गोळीने घ्यायचं ते तिच्या लगतची तार घेते, तीच दोन-तीन मिलिमीटरची जागा रोज शेकडो वेळा वाकते आणि सरळ होते, आणि लोखंड असं सारखं वाकवलं की एकेक पदर तुटायला लागतो. दुसरी जागा खाली ब्रेकपाशी, जिथे तार नटबोल्टखाली दाबून धरलेली असते. तिथे वॉशर नसेल किंवा कोणी दात ओठ खाऊन बोल्ट आवळला असेल तर तार चपटी होते आणि तिथूनच पदर सुटत जातात.

हे बघायला काही हत्यार लागत नाही. लिव्हर पूर्ण दाबून धरा, आतल्या फटीत मोबाईलचा टॉर्च मारा, गोळीच्या शेजारी तार कशी दिसते बघा. सगळे पदर एकमेकाला चिकटून सरळ पिळात असतील तर ठीक. एक जरी केसासारखा बाहेर उभा असेल, बोट फिरवल्यावर टोचत असेल, तर ती केबल संपली, तिच्यावर आता विचार करायचा नाही. १९ पैकी एक तुटला म्हणजे अजून १८ आहेत असा हिशोब लोक करतात पण तो चालत नाही, कारण जो ताण एकाने सोडला तो उरलेल्यांवर आला, त्यातला पुढचा लवकर तुटतो, त्याच्या पुढचा अजून लवकर, आणि शेवटचे सात-आठ एकदमच जातात. ते एकदम जाणं नेमकं कधी होतं तर सगळ्यात जोरात ब्रेक दाबला जातो तेव्हा, म्हणजे समोर कोणीतरी आडवं आलेलं असतं तेव्हा. उतारावर आरामात ब्रेक दाबत जाताना ती बिचारी तग धरते.

आणि इथेच तो अॅडजस्टर येतो. पदर तुटायला लागले की तार किंचित लांबते, ब्रेक ढिला वाटतो, आपण अॅडजस्टर बाहेर फिरवतो आणि ब्रेक पुन्हा टाइट. तक्रार गेली पण रोग तिथेच, उलट आता तार अजून ताणलेली. अॅडजस्टरचे आटे किती बाहेर आलेत ते बघायची सवय लावली तर खूप कळतं. नवीन केबल टाकताना तो जवळजवळ पूर्ण आत असतो. थोडा बाहेर आला तर समजू शकतो, ब्रेकचं रबर झिजतं, आऊटरची टोकं आपापल्या जागी दबून बसतात, त्यामुळे नव्या केबलला पहिल्या काही दिवसांत एकदा टाइट करावंच लागतं, त्यात काही वावगं नाही. पण आटे जवळजवळ संपेपर्यंत बाहेर आलेत आणि रबर अजून जाड आहे, तर मग हरवलेली लांबी गेली कुठे हे शोधायलाच पाहिजे.

शोधायची पद्धत सोपी आहे, जरा क्रमाने गेलं की झालं. खालचा बोल्ट सैल करून तार ब्रेकपासून सोडवायची. आता ब्रेकचे हात हाताने दाबून बघा, ते स्प्रिंगने झटकन परत उघडतायत का. नसतील उघडत तर दोष ब्रेकच्या पिव्होटमध्ये, म्हणजे हे हात ज्या खिळीवर फिरतात तिथे आहे, केबलला उगाच शिव्या देऊ नका. मग वर लिव्हर हलवून बघा, ती मोकळी हलते का. दोन्ही मोकळं असेल तर राहिली केबल. तारेचं सुटं टोक एका हातात धरून मागेपुढे ओढा, दुसऱ्या हाताने लिव्हर, आणि नुसतं हाताला काय लागतंय ते जाणवू द्या. गुळगुळीत सरकली तर ठीक, करकर लागली तर आत गंज आहे किंवा पदर उसवून आऊटरला घासतोय. मागच्या ब्रेकचं आऊटर जिथे सगळ्यात खाली झोळ घेतं ना, पाणी तिथे साठतं, गंज बहुतेक तिथेच सापडतो. आऊटर बोटांनी चाचपत जा, कुठे प्लास्टिक फाटून आतलं वेटोळं दिसतंय, कुठे मोडल्यासारखा कोपरा झालाय, टोकाची टोपी फोडून वेटोळं बाहेर आलंय का, हे पाच मिनिटांत कळतं. लिव्हर एकदम हँडलला टेकत असेल आणि खाली काहीच हलत नसेल तर तार वर गोळीपाशी तुटली किंवा खाली बोल्टमधून निसटली. निसटली असेल तर तारेवर चकचकीत ओरखडा दिसतो, तुटली असेल तर झाडूसारखं फुलारलेलं टोक.

एक मात्र आधी बघा, ती सायकल केबलवालीच आहे ना! हल्ली डिस्क ब्रेकच्या बऱ्याच सायकलींमध्ये हायड्रॉलिक असतं, बाहेरून तीच काळी नळी दिसते पण आत तार नसून तेल असतं, आणि उत्साहाच्या भरात ती नळी कापली की मग एक वेगळंच काम मागे लागतं.

बदलताना तार आणि आऊटर दोन्ही बदला हे माझं मत. नवीन तार जुन्या गंजलेल्या आऊटरमध्ये घातली की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. दुकानात मागताना दोन गोष्टी बघायच्या. एक, टोकाची गोळी कुठली, सरळ हँडलच्या सायकलींना छोट्या पिंपासारखी गोल आडवी गोळी लागते आणि वाकड्या रेसिंग हँडलवाल्यांना नासपतीच्या आकाराची, काही तारांना दोन टोकांना दोन प्रकार असतात त्यातली नको ती कापून टाकायची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, गिअरची केबल ब्रेकला कधीही लावायची नाही. गिअरची तार १.१ किंवा १.२ मिलिमीटरची म्हणजे बारीक, आणि तिच्या आऊटरमध्ये वेटोळं नसून बहुतेक वेळा उभ्या सरळ तारा असतात. ते गिअरसाठी छान, पण ब्रेकचा जोर आला की त्या उभ्या तारा फाकून आऊटर फुटू शकतं. दिसायला दोन्ही सारखीच, काळी, आणि घाईत असलेला माणूस हाताला येईल तो तुकडा लावतो.

जुनं आऊटर टाकून देऊ नका, त्याच्याच मापाने नवीन कापायचं (अर्थात जुनं माप बरोबर असेल तर, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ताणलं जात असेल तर लांब हवं). कापायला साधी पक्कड वापरली की वेटोळ्याचं टोक आत दुमडतं आणि ते टोक आयुष्यभर तारेला करवतीसारखं घासत राहतं, म्हणून चांगला केबल कटर, नंतर कानसीने टोक सपाट, आणि दाभणाने आतलं भोक पुन्हा गोल. हे तीन मिनिटांचं काम निम्मे लोक करत नाहीत. मग टोप्या घालायच्या, लिव्हरच्या खाचेत आणि गोळीला थोडं ग्रीस, तार ओवायची, अॅडजस्टर पूर्ण आत फिरवून एखाद-दोन आटे बाहेर ठेवायचा, ब्रेकचे रबर रिमजवळ हाताने दाबून धरून तार ओढायची आणि बोल्ट आवळायचा. त्यानंतर लिव्हर दहा-बारा वेळा जीव खाऊन दाबायची. खरंच जोरात. जे काही निसटायचं, दबायचं, बसायचं ते आता घरातच होऊ दे, रस्त्यावर नको. ढिली झाली तर परत ओढून आवळा. सगळं पक्कं झाल्यावरच जास्तीची तार कापा, चार-पाच सेंटिमीटर शेपूट ठेवून, आणि त्याला ती छोटी टोपी दाबून बसवा नाहीतर पीळ उसवायला तिथून सुरुवात होते.

आता कार. इथे आधी एक मोठा गैरसमज दूर करायला पाहिजे कारण ‘ब्रेक वायर तुटली’ हे वाक्य कारवाले पण सर्रास वापरतात. आजच्या कारमध्ये पायाच्या ब्रेकला वायर नसतेच. पेडल दाबलं की तेलाचा दाब चाकापर्यंत जातो. तेव्हा पेडल एकदम खाली गेलं, मऊ लागायला लागलं, पंप मारल्यावर वर येतं असं झालं तर केबल शोधत बसू नका, गाडी चालवू पण नका, तेलाची पातळी बघा, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, मास्टर सिलिंडर (पेडलमागचा, तेलाला दाब देणारा पंप) तपासून घ्या. केबल असते ती हँडब्रेकला, आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांना लागतो.

पूर्वी तसं नव्हतं, सुरुवातीच्या मोटारींत पायाचा ब्रेक पण सळया नाहीतर तारांवरच चालायचा आणि चारही चाकांना सारखा ताण देता देता मेकॅनिकच्या नाकी नऊ यायचे. अमेरिकेतल्या ड्युझेनबर्गने १९२१ मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले, फोर्डसारख्या मोठ्या कंपनीने मात्र १९३९ उजाडेपर्यंत ते घेतले नाहीत. हायड्रॉलिक आल्यावरही हँडब्रेकची तार ठेवली ती मुद्दाम, की तेल सगळं गळालं तरी एक रस्ता वेगळा राहावा. म्हणजे ज्या दिवशी पायाचा ब्रेक जाईल त्या दिवशी हातात उरणारी वस्तू ही केबल आहे, आणि तिची अवस्था काय आहे हे आपण तपासतो कधी, तर कधीच नाही.

हँडब्रेक ओढताना टक टक असा आवाज येतो ते मोजा. किती टकटकीत पूर्ण लागायला हवा ते प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडीगणिक फरक असतो. आकडा हळूहळू वाढत गेला तर मागचे शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) झिजतायत किंवा केबल ताणली जातेय. एकाच दिवशी एकदम वाढला, लिव्हर हलकी झाली, तर काहीतरी तुटलंय किंवा सुटलंय. आणि लिव्हर दगडासारखी कडक, ओढली तरी गाडी धरत नाही, असं असेल तर केबल आऊटरमध्ये गंजून बसलीय.

नेमकी कुठली बाजू हे कळायला मागची दोन्ही चाकं उचलावी लागतात, आणि इथे सांभाळा, कारण मागची बाजू उचलून हँडब्रेक सोडला म्हणजे गाडी धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि जॅकवर विसंबायचं नाही, खाली स्टँड पाहिजेतच, ही गोष्ट पटवून द्यायला मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. मग एकाने लिव्हर एक एक टक वर घ्यायची आणि दुसऱ्याने हाताने चाकं फिरवायची. दोन्ही चाकं साधारण एकाच टकेला जड व्हायला लागली पाहिजेत. एक जाम झालं आणि दुसरं मजेत फिरतंय तर त्या फिरणाऱ्या बाजूला वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत लिव्हरकडून येणारी ओढ एका आडव्या तुकड्यावरून दोन केबलींत वाटली जाते, तो तुकडा तिरका झालेला दिसला तर एक बाजू ताणलेली किंवा तुटलेली. त्या बाजूची आतली तार आऊटरमधून सरकतच नसेल तर जाम. तार नीट सरकतेय, ड्रमच्या मागचा हातही हलतोय, तरी चाक थांबत नाही, तर दोष ड्रमच्या आत आहे, केबल बदलून काही होणार नाही.

उलटा प्रकार पण असतो, लागलेला सुटत नाही. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त खाते, एका मागच्या चाकाजवळून जळका वास येतो. चाकाला हात लावू नका, नुसता जवळ नेला तरी ऊब कळते, दोन्ही बाजूंची तुलना करा. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक लावून बरेच दिवस उभी ठेवली तर शू ड्रमला चिकटून बसतात, तेव्हा लिव्हर खाली केल्यावर केबल ढिली पडलेली असते तरी चाक फिरत नाही. केबलच जाम असेल तर लिव्हर खाली केली तरी खाली तार ताणलेलीच राहते. एवढा एक फरक बघितला तर चुकीचा पार्ट बदलायचा खर्च वाचतो.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याबद्दल पण सांगतो, कारण त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. लिव्हरच्या हँडब्रेकमध्ये तो दिवा फक्त लिव्हर वर आहे एवढंच सांगतो, तिच्या बुडाशी एक साधा स्विच असतो. केबल तुटून लोंबत असली तरी लिव्हर वर केली की दिवा लागणार. आणि लिव्हर खाली असून तोच दिवा लागला तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ ब्रेक ऑइल कमी झालंय, तेव्हा स्विच खराब आहे म्हणून दुर्लक्ष करू नका.

काहीजण अभिमानाने सांगतात मी हँडब्रेक वापरतच नाही, गिअरमध्ये टाकून उभी करतो. गिअरमध्ये टाकावीच, पण केबल वापरली नाही की ती हलत नाही, हलली नाही की केबलच्या टोकावरच्या फाटलेल्या रबरी बुटातून (आवरणातून) आत गेलेलं पाणी तिथेच बसतं आणि गंज धरतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी तर हँडब्रेक जास्त वापरायला हवा, ‘पी’ मध्ये टाकल्यावर सगळ्या गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. म्हणून आधी पायाचा ब्रेक दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा, मग ‘पी’.

केबल बदलणं हे सायकलीइतकं घरगुती काम नाही, हत्यारं आणि स्टँड नसतील तर गॅरेजमध्येच करा, पण तिथे काय होतंय ते कळलं पाहिजे. लिव्हरपाशी किंवा गाडीखाली असलेला अॅडजस्टिंग नट पूर्ण सैल करायचा, ड्रम काढायचा, शूच्या हातातून तारेचं टोक सोडवायचं, मागच्या प्लेटमध्ये आऊटरचे स्प्रिंगसारखे कान अडकलेले असतात ते दाबून बाहेर काढायचे (मापाचा रिंग पाना वरून सरकवला की सगळे कान एकदम दबतात, ही मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती), आणि नवीन केबल जुन्याच मार्गाने, त्याच क्लिपांमधून न्यायची. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवायला ज्या क्लिपा असतात त्या हमखास विसरल्या जातात. ड्रममधली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसायची. एक केबल गंजून तुटली तर दुसरी त्याच वयाची आणि त्याच पाण्यात भिजलेली असते, दोन्ही बदलून घ्या.

मग अॅडजस्टमेंट, आणि परत तोच नट. बरोबर क्रम असा की आधी शू आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं, पायाचा ब्रेक बऱ्याच वेळा दाबून शू जागेवर बसवायचे, आणि त्यानंतरच केबलचा नट. सर्रास होतं काय, हँडब्रेक वर येतो अशी तक्रार घेऊन गेलं की दोन मिनिटांत नट आवळून गाडी परत. शू झिजलेले असतात आणि केबल ओढून ती झीज झाकली जाते. यात दुहेरी नुकसान आहे, कारण केबल सतत ताणलेली राहिली की आतला हात त्याच्या मूळ जागेवर परत येत नाही, आणि मग बऱ्याच गाड्यांतली अंतर आपोआप जुळवणारी जी यंत्रणा असते ती कामच करत नाही, झीज वाढत जाते, पेडल खाली जायला लागतं, म्हणजे हँडब्रेक दुरुस्त करायच्या नादात पायाचा ब्रेक बिघडवला. मागे डिस्क असलेल्या आणि कॅलिपरलाच (डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या भागालाच) केबल जोडलेल्या गाड्यांतही हाच घोटाळा होतो. काम झाल्यावर गाडी खाली घ्यायच्या आधी लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाकं हाताने फिरवून दाखवा म्हणावं, मोकळी फिरलीच पाहिजेत. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर हे सगळं वेगळं, बहुतेक ठिकाणी मोटर थेट कॅलिपरवर असते, केबलच नसते, आणि पॅड बदलायला आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं, तिथे पाना घेऊन जबरदस्ती केली तर मोटर जाते.

पायाचा ब्रेक खरंच गेला आणि हँडब्रेकवर थांबवायची वेळ आली तर? लिव्हरचं बटण दाबून धरून हळूहळू ओढायची, म्हणजे ती अडकत नाही आणि मागची चाकं घसरायला लागली तर लगेच थोडी सोडता येते. एकदम खेचली तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते. सोबत गिअर खाली आणत जायचे. पण हे सगळं केबल धडधाकट असेल तरच.

म्हणून संपादक महोदय, विनंती अशी की ब्रेक निकामी झाल्याची बातमी करताना तुमच्या वार्ताहराने पोलिसांना किंवा गाडी तपासणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात, कुठला भाग निकामी झाला, तो तुटला की झिजला की गळाला, आणि शेवटचा कधी बदलला होता. उत्तर लगेच मिळणार नाही हे मला समजतं, तपासणीचा अहवाल उशिरा येतो. मग आठ-पंधरा दिवसांनी चार ओळींची पुढची बातमी छापा. वाहन पुरवणीत नवीन मॉडेलचे रंग आणि स्क्रीनचे इंच भरपूर येतात, त्यातला एक कोपरा याला दिला तरी चालेल. तुटलेल्या केबलचा जवळून काढलेला फोटो, फुलारलेलं टोक आणि शेजारी चांगल्या तारेचं टोक, एवढं जरी छापलंत तरी लोक आपापल्या लिव्हरमध्ये टॉर्च मारून बघतील.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. घरी केबल बदलणाऱ्यांनी कापलेल्या तारेचे बारीक तुकडे वेचून कागदात गुंडाळून टाकावेत, झाडूने ते नीट निघत नाहीत, आणि नंतर त्याच सायकलच्या टायरमध्ये सापडतात.